वाचकांचे प्रश्न : जुन्या ऑर्गनचे काय करावे?

प्रश्न : आजोबांचा नाटक कंपनीच्या काळातला पायाने वाजवायचा ऑर्गन आमच्या घरी आहे. भाता फाटला आहे. कारागीर म्हणतात, आतले सगळे काढून नवे बसवू. अमेरिकेत मोरेव्हियन पंथीयांचा दोनशे वर्षांपूर्वीचा पाइप ऑर्गन पुन्हा वाजता केला, असे ऐकले. ते कसे साधले? त्यातून आम्ही काही घ्यावे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : प्रथम दोन वाद्यांतला फरक लक्षात घ्यावा. संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये पेटीप्रमाणेच पितळी पट्ट्या कंप पावतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र स्वरास्वराची नळी वेगळी असते, आणि भात्याची हवा नळीच्या तोंडाशी असलेल्या धारेवर आदळली, की ती बासरीसारखी बोलते. नळी जितकी लांब, तितका स्वर खर्जाचा.

मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे मूळ आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया आणि मोरेव्हिया प्रांतांत, यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांमध्ये आहे. छळामुळे परागंदा झालेल्या या मंडळींनी १७२२ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात हेर्नहूट हे गाव वसवले. त्याच्याच शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फमध्ये १७२८ साली डेव्हिड टॅननबर्ग या ऑर्गनकाराचा जन्म झाला. तो १७४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला, योहान क्लेम या वृद्ध कारागिराच्या हाताखाली ऑर्गन बांधायला शिकला आणि पुढे लिटिट्झ येथे स्थायिक झाला. त्याने सुमारे पन्नास ऑर्गन बांधले. त्यांपैकी मोजकेच आज शिल्लक आहेत.

आपण ऐकले तो ऑर्गन बहुधा सेलमचा असावा. नॉर्थ कॅरोलायनातल्या या मोरेव्हियन वसाहतीच्या चर्चसाठी टॅननबर्गने तो १८०० मध्ये बांधला. उतारवयामुळे स्वतः न जाता त्याने तो जावई बाखमन याच्या हस्ते तिथे उभा केला. १९१० मध्ये चर्चची अंतर्गत रचना बदलताना ऑर्गन उतरवला गेला आणि त्याचे भाग अनेक दशके साठवणीत पडून राहिले. नळ्या, पेटारे, लाकडी सांगाडा यांतले बरेच काही कुणी भंगारात घातले नाही, म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले, असे माझे ठाम मत आहे. व्हर्जिनियातल्या टेलर अँड बूडी या ऑर्गनकारांनी काही वर्षे खपून तो सावरला आणि मार्च २००४ मध्ये तो पुन्हा वाजू लागला. हरवलेले भाग टॅननबर्गच्या इतर ऑर्गनांशी ताडून घडवले गेले.

अशा कामात सर्वांत नाजूक जागा नळीच्या तोंडाची. कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची ती नळी इतकी मऊ असते, की चेपलेला भाग सरळ करताना तोंड किंचित जरी रुंदावले, तरी मूळ आवाज बदलतो, आणि तो परत आणणे फार अवघड असते.

तुमच्या ऑर्गनमध्ये तेच स्थान पितळी पट्ट्यांचे आहे. स्वर लावण्यासाठी त्या कानशीने घासतात, आणि घासलेले पितळ परत येत नाही. म्हणून भात्याचे चामडे आणि कापड अवश्य बदलावे, पण पट्ट्या बदलू देऊ नयेत; त्या फक्त हलक्या हाताने पुसाव्यात, आणि सूर आजच्या पेटीशी जुळत नाही एवढ्या कारणाने त्यांना कानस लावू नये. गोविंदराव टेंबे यांच्या पेटीने गाजलेल्या कोल्हापुरात हे जाणणारा कारागीर शोधल्यास सापडावा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, पट्ट्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, आणि काढलेले जुने चामडे नव्याचे माप घेऊन झाल्यावर ऑर्गनच्या पोटातच जपून ठेवावे.