हाताने वायरिंग केलेल्या ११२ कीच्या कीबोर्डात एक की दाबली की दुसरीही उमटते. चूक फर्मवेअरची (कीबोर्डाच्या आतल्या प्रोग्रामची) की सोल्डरिंगची, असं तुम्ही विचारलंय.

सगळं उसवून परत सोल्डर कर असं तुम्हाला ज्याने सांगितलंय, त्याचं एवढ्यात ऐकू नका. आधी मॅट्रिक्स (ओळी आणि कॉलमांच्या तारांची जाळी, प्रत्येक छेदावर एक की) वाचा, सोल्डरिंग आयर्न मग तापवा. हे मी ठासून सांगते, कारण ऐन श्रावणात माझ्या आठ रात्री असल्याच सल्ल्यापायी गेल्या.

आमचे आबा फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकांच्या नकला उतरवून देतात. आधी हाताने द्यायचे, नंतर संगणकावर इनस्क्रिप्ट या देवनागरी की-मांडणीत. संधिवाताने त्यांची करंगळी शिफ्टवर टिकेना, आणि इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, ध, झ, ढ सगळे शिफ्टचेच. म्हणून मी त्यांच्यासाठी सहा ओळी, वीस कॉलम असा १२० कीचा कीबोर्ड बांधला. ख ची की वेगळी. ती दाबली की शिफ्ट आणि के फर्मवेअरच पाठवतं. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांनाही स्वतःची जागा. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा छोटा बोर्ड, जुना टीन्सी प्लस प्लस २.०, कारण मला २६ पिना हव्या होत्या आणि त्याला ४६ आहेत. प्रत्येक कीला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), सगळे माझ्या हाताने लावलेले.

पहिल्या दिवशी आबांनी ‘खरं’ लिहायला ख दाबला. पडद्यावर आलं ‘खघधझढ’. मग त्यांनी घ दाबला, काहीच नाही. ध, झ, ढ मुके. सहाही ओळींत तेच: सोळावी की पाच कींचं काम करते आणि पुढच्या चार मेलेल्या. आबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून बाजूला ठेवला फक्त.

माझ्या दादाचं वरच्या बाजारात रिपेरिंगचं दुकान आहे. त्याने कीबोर्ड उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, “बाय, तुझं सोल्डरिंग कच्चं. हाच कोड माझ्या मित्राच्या बोर्डावर चालतो, मग कोडात काय असणार?” मॅट्रिक्स स्कॅनची, म्हणजे कोणती की दाबली ते ओळीओळीने वाचणारी, फाइल खरंच त्या मित्राची होती, मी ती जशीच्या तशी उचलली होती. म्हणून मीही मान खाली घातली आणि शेवटच्या पाच कॉलमांचे तीस डायोड काढून नवे लावले. बाहेर पाऊस, घरात फ्लक्सचा धूर. परत ‘खघधझढ’.

आठव्या रात्री जे सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. शॉर्ट असता तर घ दाबल्यावरही पाचही अक्षरं आली असती. शॉर्ट दोन्ही बाजूंनी चालतो. इथे ख दाबला की पाच, घ दाबला की शून्य. माझं फर्मवेअर क्यूएमके नावाचं. त्याचा कन्सोल चालू करून मॅट्रिक्स डीबग लावला, तर कॉलम १५ पासून पुढे ओळीने १ उभे. कॉलम शून्यापासून मोजतात, म्हणजे आमची सोळावी की.

कारण असं. टीन्सीवरची चिप एव्हीआर जातीची, आणि तिथे इन्ट (सी भाषेतला साधा पूर्णांक) १६ बिटांचा. कॉलमची खूण करायला १ तितकीच घरं डावीकडे सरकवतात. साधा १ पंधरा घरं सरकवला की तो चिन्हाच्या बिटावर जाऊन बसतो, संख्या ऋण होते आणि ३२ बिटांच्या ओळीत भरताना वरची सगळी घरं १ होतात. सोळा घरं सरकवला की तो काठावरून पलीकडे पडतो, उरतं शून्य. मित्राचा बोर्ड आरपी२०४० या चिपचा, तिथे इन्ट ३२ बिटांचा, म्हणून त्याला कधी काही दिसलंच नाही. कंपाइलरनेही चकार शब्द काढला नाही. १ ला आधी मॅट्रिक्स_रो_टी या ३२ बिटांच्या प्रकारात घालून मग सरकवला, एवढीच दुरुस्ती. क्यूएमकेच्या स्वतःच्या कोडात हे बरोबरच असतं. उचललेल्या किंवा स्वतः लिहिलेल्या मॅट्रिक्स फाइलमध्ये ते आधी पाहा. ‘दुसऱ्याकडे चालतो’ हा कोड बरोबर असल्याचा पुरावा नाही, चिप कोणती ते विचारा.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की दुसरी की त्याच कॉलमातली, लगेच खालच्या ओळीतली असते. तो माझा रोग नव्हे. मोठ्या मॅट्रिक्समध्ये तारा लांब, एव्हीआरचा आतला पुलअप (कॉलमचा व्होल्टेज वर ओढणारा रोध) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे दुबळा. ओळ सोडल्यावर कॉलम वर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढची ओळ वाचली जाते. कॉन्फिग फाइलमध्ये मॅट्रिक्स_आयओ_डिले मूळ ३० मायक्रोसेकंद असतो, तो ६० किंवा १०० करून बघा. स्कॅनची फाइल स्वतःची असेल तर हा विलंब तिच्यातच घालावा लागेल. डिबाउन्सच्या (की दाबताना होणारी थरथर गाळण्याच्या) मागे लागू नका, त्याचा इथे संबंध नाही.

हां, एकच की एकटी मुकी असेल, किंवा तीन कोपरे दाबल्यावर चौथा आपोआप उमटत असेल, तर मात्र डायोड आणि सोल्डरिंगच तपासा. ते कधी चुकतच नाही असं मी म्हणत नाही.

पण माझं चुकलं नव्हतं. काढलेले तीसही डायोड मी चहाच्या डब्यात ठेवलेत. मल्टीमीटरवर एकेक लावून पाहिला, प्रत्येक जण एका बाजूने ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उलटा लावला तर काही नाही. दादा अजून दर चवथीला गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधताना माझ्या कच्च्या सोल्डरिंगचा विषय काढतो. दादा, हे वाचत असशील तर यंदा मल्टीमीटर घेऊन ये, डबा ओसरीवरच ठेवते.