पान कोणी खाल्ले, ते आधी पाहावे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मृगाच्या सरी पडल्या की मराठवाड्यात उन्हाळाभर मलूल उभ्या राहिलेल्या झाडांना एकदम पालवी फुटते आणि त्या पालवीमागोमाग ती खाणारेही येतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘पाने कोणीतरी खात आहे, कोणते औषध मारावे’ हा एकच प्रश्न आहे. खाणारा कोण, हे मात्र एखाद-दुसऱ्यानेच पाहिलेले दिसते. म्हणून पुढील उत्तरे औषधाच्या नावापासून नव्हे, तर खाणाऱ्याच्या ओळखीपासून सुरू केली आहेत.

प्रश्न : आमच्या परसात तीन वर्षांचे कागदी लिंबाचे झाड आहे. पाऊस झाल्यावर छान पालवी आली, परंतु आठ-दहा दिवसांत शेंड्याकडच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. काही पानांवर पाखरांची विष्ठा पडल्यासारखे डाग आहेत. काही पानांवर रुपेरी, नागमोडी रेघा आहेत. कापसावर फवारून उरलेले औषध घरात आहे, ते मारले तर चालेल काय? झाडाखाली कोथिंबिरीचा वाफा आहे आणि घरात लहान मुले आहेत.
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आपण ज्यांना विष्ठेचे डाग समजलात, त्याच अळ्या आहेत. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेले जे फुलपाखरू लिंबाभोवती घिरट्या घालताना दिसते, त्याची मादी कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी एकेक करून सुटी घालते. त्यांतून निघालेली अळी लहानपणी तपकिरी-पांढरी असते, म्हणजे हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, आणि पाखरांना चकवण्यासाठीच तिचे हे सोंग असते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते, दीड इंचापर्यंत वाढते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुबेळके शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मुले त्या शिंगाला घाबरतात, पण त्याने माणसाला काहीही अपाय होत नाही. पूर्ण वाढलेली अळी एखाद्या काडीला करदोटा बांधल्यासारखा एक धागा कमरेभोवती घेऊन कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा सारा फेरा पावसाळी हवेत साधारण महिनाभरात पुरा होतो, त्यामुळे एकदा झाड निवळले म्हणजे हंगामभर सुटका झाली असे समजू नये.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की अळी जन्मभरात जेवढे पान खाते त्यातला सर्वांत मोठा वाटा शेवटच्या अवस्थेत, म्हणजे ती हिरवी झाल्यावर खाते. विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या वेळीच वेचल्या तर नुकसान जवळजवळ होतच नाही. तीन वर्षांचे झाड हाताच्या टप्प्यात असते. पालवी कोवळी असेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी सकाळी दहा मिनिटे शेंडे पाहावेत, पानाची खालची बाजूही पाहावी, अंडी चिमटीने पुसून टाकावीत आणि अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. ज्यांना मारणे जिवावर येते, त्यांनी त्या बेलाच्या मोठ्या झाडावर सोडाव्यात. बेल, गोडलिंब आणि लिंबू ही एकाच कुळातली झाडे असल्याने अळीला तेही चालते. मात्र याच कारणाने परसातल्या गोडलिंबावरही लक्ष ठेवावे, कारण लिंबू स्वच्छ केले तरी फुलपाखरांची पुढची पिढी तिथून येत राहते.

अळ्या हाताबाहेर गेल्या असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. दहा लिटर फवारणीसाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून एक-दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून पिळून गाळून घ्याव्यात, पाणी घालून दहा लिटर करावे आणि त्यात वीस ग्रॅम साधा साबण विरघळवावा. कपड्यांची तीव्र पावडर वापरल्यास कोवळी पाने करपतात. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा, कारण त्यातला कामाचा घटक उन्हात लवकर नष्ट होतो. या अर्काने अळ्या पटापट गळून पडतील अशी अपेक्षा ठेवू नये. पान कडवट झाल्याने त्यांचे खाणे मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस लागतात. निंबोळ्या बाजारात शोधण्यापेक्षा जून-जुलैत आपल्याच झाडाखालच्या पिकलेल्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. बुरशीने काळ्या पडलेल्या निंबोळ्या घेऊ नयेत आणि फार जुन्याही घेऊ नयेत. याखेरीज कृषी सेवा केंद्रात ‘बीटी’ या नावाने मिळणारे जिवाणूजन्य कीटकनाशक लहान अळ्यांवर चांगले चालते. अळीने फवारलेले पान खाल्ले तरच ते तिच्या आतड्यात काम करते, त्यामुळे पाने भिजतील अशी फवारणी संध्याकाळी करावी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले तेवढेच घ्यावे. राख, गोमूत्र, दशपर्णी (दहा प्रकारचा पाला कुजवून केलेला अर्क) यांबद्दलही विचारणा येत असते. राख दवाने ओल्या पानांवर टिकते तोवर थोडाफार उपयोग होतो, पण पहिल्याच सरीने ती धुऊन जाते. दशपर्णी अर्काला माझा विरोध नाही. तो प्रत्येक माठात वेगळ्या ताकदीचा तयार होतो, एवढेच लक्षात घेऊन आधी एका फांदीवर मारून पाहावा.

रुपेरी नागमोडी रेघा मात्र दुसऱ्या किडीच्या आहेत. ती पान पोखरणारी नागअळी असून पानाच्या पातळ सालीखाली राहून आतला हिरवा भाग खाते, त्यामुळे ती वेचता येत नाही. तिने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचा शिरकाव होतो, हा तिचा खरा उपद्रव आहे. फार वाकडी झालेली पाने तेवढी काढावीत. पावसाळ्यात वरचेवर छाटणी केल्यास पुन्हा कोवळी पालवी फुटते आणि नागअळीला नवे ताट वाढल्यासारखे होते.

आता कापसाच्या औषधाविषयी. ते मारू नये, आणि हे मी केवळ सावधगिरीचा सल्ला म्हणून लिहीत नाही. कोणते औषध कोणत्या पिकावर, किती प्रमाणात आणि तोडणीच्या किती दिवस आधी मारायचे हे डब्यावरच्या लेबलावर छापलेले असते. कापूस खाल्ला जात नाही, म्हणून त्याच्या औषधाचा हिशेब घरच्या लिंबाला आणि त्याखालच्या कोथिंबिरीला लावता येत नाही. काही औषधे पानात भिनतात, ती धुऊनही जात नाहीत. डब्यावरचा त्रिकोण पाहावा : लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसे उघड्या रानात फवारत होती, आपण तर अंगणात, खिडकीखाली फवारणार आहात. शिवाय, अळ्या उचलून आपल्या मातीच्या घरट्यात नेणारी कुंभारीण माशी, साळुंकी, सातभाई हे सारे आपल्या बाजूने काम करीत असतात आणि विषाचा पहिला फटका बहुधा त्यांनाच बसतो. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूळ डब्यातच, कुलूपबंद ठेवावे.

प्रश्न : घरामागे बोरीचे आणि कडुनिंबाचे झाड आहे. वळवाचा पाऊस झाला त्या दिवसापासून रोज सकाळी पाने अर्धी-मुर्धी कातरलेली दिसतात. दिवसभर शोधूनही एक अळी सापडत नाही.
— एक शेतकरी, केज (जि. बीड)

उत्तर : दिवसा सापडणार नाही, कारण ते अळ्यांचे काम नाही. रात्री आठच्या सुमारास विजेरी घेऊन झाडाखाली जावे, म्हणजे तपकिरी रंगाचे भुंगेरे फांद्यांवर लगडलेले दिसतील. हे हुमणीचे भुंगेरे आहेत. पहिल्या दमदार पावसाने जमीन भिजली की ते दिवेलागणीला मातीतून बाहेर पडतात, बोर, बाभूळ, कडुनिंब अशा झाडांवर जमतात, तिथेच मीलन होते, रात्रभर पाने खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात.

आपल्या बोरीला याने फारसा धोका नाही. वाढलेले, निरोगी झाड आपल्या पानांचा चौथा-पाचवा हिस्सा गेला तरी पुढच्या पालवीत तो भरून काढते. धोका आहे तो शेतातल्या उसाला, सोयाबीनला आणि भुईमुगाला, कारण मादी मातीत अंडी घालते आणि त्यांतून निघणारी पांढरी, वाकडी हुमणी मुळे कुरतडते. म्हणून झाडावरचे भुंगेरे पकडणे हा या किडीवरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. झाडाखाली ताडपत्री किंवा जुने धोतर पसरावे, आकडीने फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. रॉकेल आता सहज मिळत नाही. साबणाच्या दाट पाण्यानेही काम होते. पावसानंतरचे पहिले काही दिवस महत्त्वाचे आहेत, कारण अंडी घातल्यानंतर भुंगेरे पकडून शेताचा फायदा होत नाही. प्रकाश सापळा लावल्यास तो रात्री दहाच्या सुमारास बंद करावा, नाहीतर उपयोगी किडेही त्यात पडतात. हे एकट्याने करण्याचे काम नाही, शेजारच्या चार-पाच घरांनी एकाच रात्री केले तर गुण येतो.

प्रश्न : आठ वर्षांचा केशर आंबा आहे. पावसाळ्यानंतर फांद्यांवर वाळक्या पानांचे जाळीदार झुपके दिसतात. शिवाय कोवळी पाने कात्रीने आडवी कापल्यासारखी अंगणात पडलेली असतात. ती झाडून आम्ही झाडाच्याच आळ्यात आच्छादन म्हणून टाकतो.
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : या दोन वेगळ्या किडी आहेत आणि दुसरीला आपण नकळत सांभाळत आहात. पान कापणाऱ्या सोंडे भुंग्याची मादी कोवळ्या पानात अंडी घालते आणि मग ते पान आडवे कापून खाली पाडते. अळी त्या पडलेल्या तुकड्यातच वाढते आणि पुढे मातीत शिरून कोश करते. म्हणजे तुकडे आळ्यात टाकणे हे तिच्या बाळंतपणाची व्यवस्था करण्यासारखे आहे. ते रोज वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठ दिवस कडक उन्हात ठेवावेत आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत. आच्छादनासाठी जुनी, वाळलेली पाने वापरायला हरकत नाही.

झुपके करणारी अळी पाने तोंडातल्या धाग्याने एकमेकांना चिकटवून आत बसून खाते, त्यामुळे वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. लांब काठीला आकडी बांधून तेवढेच झुपके तोडावेत आणि त्यांचीही वरीलप्रमाणे विल्हेवाट लावावी. ही कीड दाट, अंधाऱ्या फांद्यांत अधिक असते, म्हणून आंबे उतरल्यावर लगेच आतल्या फांद्या विरळ करून ऊन आत येईल असे पाहावे. तीच छाटणी दिवाळीच्या सुमारास केल्यास मोहोराच्या काड्याही जातात.

प्रश्न : सीताफळाच्या पानांवर चार-पाच हिरव्या, गुळगुळीत अळ्या दिसल्या. फवारणी करावी काय?
— एक वाचक, धारूर (जि. बीड)

उत्तर : नाही. सीताफळ आणि अशोकाच्या पानांवर वाढणाऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या त्या अळ्या असण्याचा संभव अधिक आहे आणि चार-पाच अळ्यांनी झाडाचे काही बिघडत नाही. खात्री करायची असल्यास कुरतडलेल्या पानाचे छायाचित्र नेण्यापेक्षा जिवंत अळी तिच्या पानासह भोके पाडलेल्या डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दाखवावी. फळांवर पांढरा कापसासारखा थर दिसला तर मात्र तो पिठ्या ढेकूण होय. तो पान खात नाही, रस शोषतो, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

प्रश्न : पेरूशेजारच्या गुलाबाच्या पानांच्या कडा कोणीतरी अगदी गोल, नाण्यासारख्या कापून नेत आहे. ही कीड पेरूवर येईल काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : ही कीड नाही, पाने कापणारी मधमाशी आहे. ती पान खात नाही. कापलेल्या चकत्या नेऊन एखाद्या पोकळ काडीत पिलांसाठी खोल्या करते. तुरीच्या फुलांचे परागीभवन करणाऱ्यांत या माश्या असतात. गुलाबावर काहीही फवारू नये.