वल्हांडणात वल्हं नाही

प्रश्न असा आहे : ईस्टरला मराठीत काय म्हणावं, बायबलातलं 'वल्हांडण' ते हेच का, आणि तो शब्द 'वल्हं' यावरून आला का?

आधी शुक्रवारचं सांगून टाकते. 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' हे दरवर्षी ऐकू येतं आणि दरवर्षी माझा जीव कळवळतो. तो येशूला क्रुसावर दिल्याचा दिवस, उपासाचा. कुणाच्या घरी सुतक असताना आपण पेढे घेऊन जात नाही. जुन्या इंग्रजीत 'गुड'चा एक अर्थ 'पवित्र' असा होता, तोच इथे आहे. शुभेच्छा रविवारी द्या.

त्या रविवारला 'ईस्टर' म्हणतात ते मुख्यतः इंग्रज, आणि थोड्या फरकाने जर्मन. बाबिलोनच्या इश्तार देवीशी त्याचा संबंध जोडणाऱ्यांकडे उच्चाराच्या साम्यापलीकडे काही नाही. फ्रेंच पाक, इटालियन पास्क्वा, पोर्तुगीज पाश्कोआ, आणि पोर्तुगीजांमुळे आपल्या वसईतला 'पास्का' ही सगळी हिब्रू 'पेसाह'ची लेकरं. त्या पेसाहला मराठी बायबलाने दिलेलं नाव वल्हांडण. म्हणजे सण दोन : ज्यूंचा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटकेचा, ख्रिस्ती लोकांचा येशूच्या पुनरुत्थानाचा. मुळातलं नाव मात्र एकच, कारण येशूचं मरण त्या वल्हांडणाच्याच दिवसांत झालं.

आता वल्हं. तांबडा समुद्र पार केला म्हणून वल्हांडण, असं मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. त्यांनी बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडून पाहावा. समुद्र दुभंगतो आणि लोक कोरड्या जमिनीवरून चालत जातात. होडीच नाही तर वल्हं कुठलं? शिवाय वल्हांडण घडतं दोन अध्याय आधी, घराच्या दारात. कोकराचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं, म्हणजे त्या रात्रीचा संहार ते घर ओलांडून पुढे जाईल.

शब्द आपल्या ओलांडण्यातला आहे. ओढ्याचा वढा होतो, ओळखीची वळख, ओसरीची वसरी, तसं ओलांडणं वलांडणं होतं. राहिला 'ह'. तो 'ल'ला असाच येऊन चिकटतो. भांड्याच्या कलईला आपण कल्हई म्हणतोच की.

पण मला खरं सांगायचंय ते यापुढचं. लहानपणी चटईवर पडलेली असताना ताई माझे पाय ओलांडून गेली, तर आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "परत ये, उलटी ओलांड! वाढ खुंटेल तिची." ताई मुकाट्याने मागे आली. मराठी घरात ज्याला ओलांडलं त्याचं वाईट होतं. मिसरमध्ये जे घर ओलांडलं ते वाचलं. हे माझ्या कानाला कित्येक वर्षं खटकत होतं, आणि आता माझं ठाम मत झालंय की कान बरोबर होता.

त्याच १२व्या अध्यायात २३वं वचन पाहा. परमेश्वर दाराशी 'पासाह' (पेसाहचंच हिब्रू क्रियापद) करील आणि नाश करणाऱ्याला आत येऊ देणार नाही, असा त्याचा आशय. तो जर दार ओलांडून पुढे निघून गेला, तर नाश करणाऱ्याला अडवायला दारात राहिलं कोण? याच क्रियापदाला बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३१व्या अध्यायात, पक्ष्यांची उपमा आहे : पाखरं घिरट्या घालतात तसं परमेश्वर यरुशलेमला राखील. आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी निर्गमाचं ग्रीक केलं, तेव्हा याच १२व्या अध्यायाच्या १३व्या वचनात त्यांनी ओलांडण्याचा शब्द न घेता 'झाकीन, आडोसा देईन' अशा अर्थाचा घेतला. मराठीत याला नेमका शब्द आहे, पाखर घालणं. तरी बहुतेक पंडित 'ओलांडणं'च धरून बसतात. मला वाटतं, सोळाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलने घडवलेला 'पासओव्हर' हा इंग्रजी शब्द इतका कानात बसलाय, की तोच हिब्रूचा एकमेव अर्थ असल्यासारखा शिकवला जातो. तेवीसाव्या वचनाचं उत्तर त्यांनी द्यावं, मग बोलू.

झाकण्यावरून आठवलं. रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेल गाळणारे आपले शनवार तेली, पेसाहला 'अनशी ढाकाचा सण' म्हणत. आंबट रसाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. पेसाहात आंबवलेलं धान्य वर्ज्य, ते कोकणच्या घरात शिरलं ते असं, एका भांड्याच्या झाकणातून. ग्रीक भाषांतराशी याचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण 'ढाकणं' हा शब्द पेसाहशेजारी मराठीत सापडला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

वसईत एका मैत्रिणीकडे पास्काच्या आदल्या रात्री गेले होते. चर्च पूर्ण अंधारात. बाहेर अंगणात विस्तव पेटवला, त्यावर ती उंच पास्काची मेणबत्ती लावली, आणि तिच्यावरून एकेकाची. खाडीकडून वारा सुटला होता. माझी ज्योत दोनदा विझली. शेजारच्या लुगड्यातल्या आजींनी तिसऱ्यांदा आपल्या मेणबत्तीवरून लावून दिली आणि आत पोचेपर्यंत तिच्यावर तळहाताचा आडोसा धरून चालल्या.