पैसे मोजलेत, मग ॲक्टिव्हेटर मारला तर बिघडलं कुठे?

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या १२ संगणकांच्या जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्या. दुरुस्तीवाल्याने एकाच पेन ड्राइव्हवरून सगळीकडे विंडोज प्रो टाकलं. तीन संगणक ॲक्टिव्हेट झाले, बाकी नऊ अडून बसलेत. त्यातल्या दोघांचा मदरबोर्डही मागे बदलला होता. विक्रेता म्हणतो, नवे परवाने घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो, ॲक्टिव्हेटर (परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम) मारून देतो, पाच मिनिटांचं काम. परवान्याचे पैसे आम्ही संगणक घेतानाच मोजले आहेत. मग ॲक्टिव्हेटर बेकायदा कसा?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. परवाना म्हणजे करार, ॲक्टिव्हेशन म्हणजे तो परवाना तपासणारं कुलूप. कुलूप अडलं म्हणून तुमचा हक्क बुडत नाही, आणि कुलूप उघडलं म्हणून हक्क मिळतही नाही. त्यामुळे नऊ संगणकांची काळजी करताना ‘चालू झालेल्या’ तिघांची कागदपत्रंही काढून बघा.

आधी एक साधी शंका. जुन्या संगणकांवर ‘होम’ होतं की ‘प्रो’? विंडोज ८ पासून बहुतेक कंपन्या संगणकाची की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, साठवून देतात. डिस्क बदलली तरी ती तिथेच राहते, आणि त्याच आवृत्तीचं विंडोज टाकलं की बहुधा आपोआप लागू होते. होमची की प्रोला चालत नाही. तुमच्या नऊपैकी सात जणांचं दुखणं हेच असावं असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर होम पुन्हा टाका, वाद संपला. मात्र तोवर त्या सात संगणकांवर तुम्ही न घेतलेली आवृत्ती बसली आहे, हेही लक्षात घ्या. होतं तेच परत टाकायला सांगितलं असताना दुरुस्तीवाल्याने भलतंच टाकलं असेल, तर दुरुस्तीची दुसरी फेरी त्याच्या खर्चाने व्हायला हवी.

मदरबोर्ड बदललेल्या दोघांचं जरा नाजूक आहे. संगणकासोबत आलेला, म्हणजे ओईएम, परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या धोरणात मदरबोर्ड बदलला म्हणजे संगणकच नवा झाला असं धरतात. अपवाद एकच : जुना बोर्ड बिघडला म्हणून त्याच्या जागी तोच किंवा उत्पादकाने समतुल्य ठरवलेला बोर्ड बसवला असेल तर. म्हणून दुरुस्तीचं बिल शोधा. त्यावर ‘बोर्ड नादुरुस्त, बदलला’ एवढं असलं तरी मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेशन मागताना तुमची बाजू उभी राहते. ‘अपग्रेड’ लिहिलं असेल तर त्या दोघांसाठी नवा परवाना घ्या. तिथे विक्रेत्याचं म्हणणं बरोबर आहे. परवाना वेगळा, रिटेल स्वरूपात घेतला असेल तर तो दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, फक्त एका वेळी एकाच.

आता ॲक्टिव्हेटर. असली बरीच साधनं खोटा केएमएस सर्व्हर (संस्थेतल्या सगळ्या संगणकांना ॲक्टिव्हेशन देणारा सर्व्हर) उभा करतात. खरी केएमएस व्यवस्था व्हॉल्यूम करार, म्हणजे अनेक संगणकांसाठी एकत्र परवान्यांचा करार, असलेल्या संस्थांसाठी आहे. तिच्याकडे किमान २५ संगणकांची नोंद झाल्याशिवाय ती एकही विंडोज संगणक ॲक्टिव्हेट करत नाही आणि दिलेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. तुमच्याकडे संगणक १२, करार नाही, आणि पडद्यावर केएमएस! तपासणीला आलेल्या माणसाला आणखी काही विचारावंच लागणार नाही. शिवाय १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट कराराच्या कलम ११ नुसार संरक्षणाची कुलपं तोडण्याविरुद्ध परिणामकारक कायदेशीर उपाय ठेवणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. म्हणजे परवाना अस्सल असला तरी कुलूप फोडण्याबद्दल वेगळी जबाबदारी येऊ शकते, आणि ‘दुरुस्तीवाल्याने केलं’ हे उत्तर संगणकांच्या मालकाला फारसं वाचवत नाही. आज तुमची बाजू बरीचशी स्वच्छ आहे. ती पाच मिनिटांत मळवू नका. स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या कींपासूनही दूर राहा. त्यातल्या पुष्कळ दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॉल्यूम करारातल्या असतात आणि कधीही बंद पडतात.

कागद गोळा करायला आजच बसा. प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, मागचा स्टिकर आणि बिल एकत्र जुळवा. पुसट स्टिकरवर बाजूने तिरपा टॉर्च मारून फोटो घ्या. अक्षरं उठून दिसतात. बिलात नुसतं ‘संगणक संच, नग १२’ असेल, तर विक्रेत्याला लेखी विचारा : ‘या अनुक्रमांकांच्या संगणकांसोबत कोणती आवृत्ती व कोणत्या प्रकारचा परवाना दिला, ते कळवावे.’ तोंडी नको. मूळ परवानाच अस्सल नव्हता असं निघालं, तर तुमचा दावा मायक्रोसॉफ्टवर नव्हे, या विक्रेत्यावर असेल, आणि दाव्याला मुदत असते.

ॲक्टिव्हेटर एखाद्या संगणकावर आधीच चालवून झाला असेल, तर तो नुसता पुसून गप्प बसू नका. फाइलींची प्रत घ्या, डिस्क पूर्ण साफ करून मूळ आवृत्ती टाका आणि काय केलं, कुणी केलं, कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहून त्याच बिलांच्या फाइलीत लावा.