टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) नसेल तर गाडीचे नवे स्पार्क प्लग किती घट्ट करायचे?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड, म्हणजे इंजिनचा प्लग बसतो तो वरचा भाग, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे जातात. जुना प्लग काढण्याआधी खाचेतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग सुरुवातीला फक्त हातानेच फिरवायचा. अडला तर जोर नको, काढून पुन्हा लावा, कारण आटे तिरके बसले की खर्च हेडपर्यंत जातो. हाताने टेकल्यावर पाना: वॉशरवाला 14 मिमीचा नवा प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वॉशर नसलेला निमुळत्या बैठकीचा जेमतेम सोळावा हिस्सा. आट्यांना ग्रीस लावू नका, मेकॅनिक काहीही म्हणो. त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. इरिडियमच्या टोकाच्या प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती टोकांमधली फट) ठोकून बदलू नका.