नेपाळला जायच्या आधी एवढं वाच

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि सोबतची पीडीएफ पण उघडून बघितली. काठमांडूच्या बालगृहात चार आठवडे, राहणं-जेवण-एअरपोर्ट पिकअप धरून डॉलरमधली फी, वीकेंडला पोखरा. आई पैसे द्यायला तयार आहे आणि आता फक्त मावशीनं हो म्हणायचं बाकी आहे म्हणतेस. तर त्या पीडीएफला माझं हो नाही. नेपाळला मात्र जा, नक्की जा, फक्त वेगळ्या कामासाठी.

त्या पीडीएफमधे 'अनाथ' हा शब्द किती वेळा आलाय बघ, आणि मग त्यांना सरळ विचार की यातल्या किती मुलांचे आईवडील जिवंत आहेत. नेपाळात 1996 ते 2006 माओवाद्यांचं युद्ध चाललं तेव्हा हुम्लासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल घरोघरी फिरायचे, काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो सांगून आईबापांकडून पैसे घ्यायचे आणि पोरं घेऊन यायचे, मग इथं कागदोपत्री आईबाप मेलेले दाखवायचे की पोरगं अनाथ. युद्ध संपलं तरी धंदा संपला नाही कारण तोवर गिऱ्हाईक तयार झालं होतं, म्हणजे फी भरून येणारे व्हॉलंटिअर आणि डोनेशन देणारे टुरिस्ट. नेपाळातली बहुतेक बालगृहं कुठे आहेत तर काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन, जिथं परदेशी माणूस फिरायला येतो तिथंच, गरिबी सगळ्यात जास्त आहे त्या कर्णालीत नाहीत. कंबोडियात पण हेच, 2005 ते 2010 मधे अनाथालयं 75 टक्क्यांनी वाढली आणि आतल्या चारातल्या तीन मुलांचे आई किंवा बाप हयात निघाले. ऑस्ट्रेलियात तर 2018 मधे आधुनिक गुलामगिरीचा कायदा झाला त्या वेळी या प्रकाराची गुलामगिरी म्हणूनच चर्चा झाली.

तू म्हणशील सगळीच बालगृहं अशी नसतात. नसतात, मान्य. पण चांगल्या ठिकाणी सुद्धा चार आठवड्यांच्या पाहुण्याचं मुलांजवळ काय काम असतं सांग. मी अशाच एका घरात गेले होते, नाव लिहीत नाही, स्वच्छ होतं, चपला ओळीनं लावलेल्या, भिंतीवर येऊन गेलेल्यांचे फोटो. मी टेकते न टेकते तोच पाचेक वर्षांची एक पोरगी मांडीवर येऊन बसली, माझ्या हातातला फोन घेतला, कॅमेरा शोधला, सेल्फी मोड लावला आणि मला चिकटून हसली, सगळं इतकं सराईत की बघत राहावं. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, पहिला प्रश्न, "दिदी, कहिले जाने?" कधी जाणार. घरात वाढणारं पाच वर्षांचं पोर अनोळखी बाईच्या मांडीवर असं बसत नाही गं, आईमागे लपतं. दर महिन्याला नवी दिदी येते, जीव लावते, रडते, फोटो काढते आणि जाते, मग ते पोर शिकतं की सगळ्यांना लगेच चिकटायचं आणि कुणाचं मनावर घ्यायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं, लेकरांचं भलं करायचं असेल तर त्यांच्या आयांकडे जा. आईच्या हातात चार पैसे असले आणि शाळा गावात असली तर पोरगं दलालाबरोबर जात नाही. आपल्याकडचंच बघ, कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेनं 1988 मधे रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, आई धंद्यावर असताना मुलं तिथं जेवतात, अभ्यास करतात, झोपतात आणि आई त्यांची आईच राहते, पोरांना उचलून कुठंतरी लांब टाकलं नाही.

आणि नेपाळी बायकांकडे 'बिचाऱ्या' म्हणून बघत जाणार असशील तर हे पण ऐकून ठेव. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईत कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी पडल्या, सुटलेल्यांत नेपाळी मुली खूप होत्या, त्या महिनोन्महिने इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या कारण त्यांचं सरकार घ्यायला तयार होईना. शेवटी परत गेल्या तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी शक्ती समूह काढली, चारिमाया तामाङ त्यातली एक, मानवी तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संस्था, 2013 चं मॅगसेसे मिळालं त्यांना. आपल्या मुंबईनं ज्यांचं वाटोळं केलं त्यांनी हे उभं केलंय, तेव्हा तू तिथं कुणाला सक्षम वगैरे करायला जात नाहीयेस, आधी थोडं ऐकायला जातेयस.

मग करायचं काय. तू बीकॉम आहेस, दोन वर्षं सीएच्या ऑफिसात टॅली बडवलीयेस, ही तुझी खरी किंमत, लहान मुलांना एबीसीडी शिकवणं नाही, ते तिथल्या बाईंना तुझ्यापेक्षा चांगलं येतं आणि नेपाळीत येतं. आमा समूह म्हणजे साधारण आपले बचत गट, असे गट चालवायला मदत करणाऱ्या छोट्या संस्थांकडे हिशोबाची बोंब असते. परदेशी फंड घ्यायचा तर समाज कल्याण परिषदेशी संलग्न असावं लागतं, ऑडिट लागतं, आणि व्हाउचरं बिचारी पिशवीत. फक्त तुझं एप्रिल-मार्च विसर, तिथलं आर्थिक वर्ष श्रावणात म्हणजे जुलैच्या मध्यात सुरू होतं, तारखा विक्रम संवतातल्या, आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. पहिला आठवडा डोकं फिरेल. अजून एक, स्वतः सगळं लिहून मोकळी होऊ नकोस, तिथल्याच एखाद्या मुलीला शेजारी बसवून तिच्याकडून लिहून घे, नाहीतर तू निघालीस की पिशवी परत भरायला लागेल, आणि ती नोकरी तिला मिळण्यासारखी असेल तर तू फुकटात करून तिची जागा खातेयस हे पण लक्षात ठेव.

संस्थेला भरपूर प्रश्न विचार आणि त्यांनी तुला विचारले तर खूश हो. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला न मागता कुणी तुला मुलांमधे सोडत असेल तर उद्या आणखी कुणालाही सोडतील. जिल्हा प्रशासनाकडची नोंदणी, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, तुझ्या फीपैकी किती रक्कम संस्थेला आणि किती एजंटला, हे लेखी माग. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच विषय बंद. आणि फोटो. आपल्याकडे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं जेजे म्हणजे बालन्याय कायद्याच्या 74 व्या कलमानं गुन्हा आहे, मग बॉर्डर ओलांडली म्हणून ते इन्स्टावर चालतं असं थोडीच आहे.

कागदपत्रांचं सोपं आहे, आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेव, आधारच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नकोस. व्हिसा नाही म्हणजे काहीही करायची मोकळीक असं मात्र समजू नकोस, काम काय करणार ते संस्थेकडून पत्रावर घे.

निघायच्या आधी दोन-तीन महिने पुण्यातल्या बुधवार पेठेत, तिथल्या वेश्यावस्तीत जा, तिथं काम करणाऱ्या संस्था आहेत, मी बोलते एकीशी, नेपाळी बायका तिथं पण भेटतील, त्यांच्याकडून थोडी नेपाळी शिक, लिपी आपलीच आहे त्यामुळे वाचणं पटकन जमेल. तिथं कंटाळलीस तर काठमांडूत पण कंटाळशील, आणि मग आईचे पैसे तरी वाचले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत नको, दरडी पडून रस्ते बंद होतात. त्यानंतर लगेच दशैं म्हणजे आपलं नवरात्र, तेव्हा अख्खं काठमांडू गावी जातं आणि ऑफिसं बंद, पाठोपाठ तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. तिहार झाली की जा. त्या पीडीएफवाल्यांना ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस, दिला असशील तर आजच फोन कर, मी आईशी रात्री बोलते.

— मावशी