हात जरूर ठेवा, इन्सुलिनला हात लावू नका

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. पावसाळ्यापासून रात्री झोप नाही, पाय दुखतात. ओळखीतल्या एक बाई घरी येऊन रेकी देतात, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याचा उपचार करतात. त्या दिवशी सासूबाई शांत झोपतात. आता त्या बाई म्हणतात, ‘इन्सुलिन हळूहळू कमी करा, रेकीने शरीर स्वतःच बरं होतं.’ त्यांच्या पत्रकावरही ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं छापलंय. मी रेकीची फर्स्ट डिग्री, म्हणजे पहिली पायरी, शिकावी असा त्यांचा आग्रह आहे. यजमान म्हणतात, सगळं थोतांड आहे. काय करू?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, इन्सुलिनचा एक युनिटही कमी करू नका. डोस बदलायचा तो फक्त डॉक्टरांनी, साखरेचे आकडे बघून. रेकीने साखर उतरते याला कसलाही आधार नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे ते पत्रक मुळातच बेकायदा आहे. त्या बाईंना हे स्पष्ट सांगा. ऐकलं नाही तर त्यांचं येणं थांबवा.

आता सासूबाईंच्या झोपेविषयी. मी वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि रेकीही शिकले, म्हणून सांगते, त्यांना वाटणारा आराम खोटा नाही. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना रेकी दिली, काहींना रेकीची नुसती नक्कल करून दाखवली, उरलेल्यांना नेहमीचीच शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं, तिसऱ्यापेक्षा जास्त. मला यात नवल वाटलं नाही. आपल्याजवळ कुणीतरी घाई न करता बसलंय, एवढ्यानेही आजारी माणसाचा श्वास संथ होतो. वॉर्डात ते रोज दिसायचं. तेव्हा यजमानांना म्हणावं, ऊर्जा मानू नका, पण आईजवळ अर्धा तास बसा.

रेकीची सुरुवात करणारे मिकाओ उसुई जपानचे. १९२२मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर त्यांनी उपास-ध्यान केलं आणि मग टोकियोत शिकवायला लागले. पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरला टोकियोत महाभूकंप झाला, लाखाहून अधिक माणसं गेली. उसुई त्या जखमी, बेघर लोकांमध्ये फिरून हात ठेवत होते. मला रेकीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. हात जोडून सकाळ-संध्याकाळ म्हणायला त्यांनी पाच गोष्टी दिल्या : आजच्या दिवसापुरतं रागावू नकोस, काळजी करू नकोस, कृतज्ञ राहा, काम मन लावून कर, सगळ्यांशी मायेने वाग. हवाईतल्या हावायो ताकाता १९३५च्या सुमारास टोकियोत उपचारासाठी आल्या, तिथेच ही विद्या शिकल्या आणि त्यांच्यामुळे ती जपानबाहेर पसरली. डिग्री, मास्टर, फीचे दर हा आजचा पसारा नंतर वाढत गेला.

फर्स्ट डिग्री शिकायची हौस असेल तर शिका, पण सासूबाईंसाठी तिची गरज नाही. हात कसे ठेवायचे ते मी सांगते. रात्रीची जेवणं झाली की टीव्ही बंद करा. तुमचे हात धुऊन, चोळून गरम करा. बोटं जुळवून तळहाताची थोडी खोलगट ओंजळ करा आणि डोळ्यांवर अलगद ठेवा, बुबुळावर दाब नको. मग कानशिलं, डोक्याची मागची बाजू, खांदे, पोट. प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटं. दाबायचं नाही, चोळायचं नाही. त्या बोलल्या तर ऐका, गप्प राहिल्या तर तुम्हीही गप्प राहा.

पायांशी आलात की मात्र दिवा लावा. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बिघडतात, पाय रात्री आग करतात किंवा बधिर होतात, आणि मग चप्पल लागली, काटा रुतला तरी कळत नाही. तळवे नीट बघा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, फोड, लाली, एखादी जागा जास्त गरम. छोटी जखम दिसली तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना. गरम पाण्याची पिशवी त्या पायांना अजिबात लावू नका. भाजल्याचं त्यांना कळणार नाही.

मला तर वाटतं, झोप उडण्याचं कारण या पायांतच असावं. कधी रात्री साखर उतरूनही घाम येऊन जाग येते. दोन्हीवर औषध आहे, आणि रेकीने बरं वाटतंय म्हणून ते लांबणीवर पडू नये. पाय रात्री नेमके कसे दुखतात, आग होते की मुंग्या येतात, घाम फुटतो का, हे सासूबाईंना आजच विचारा आणि लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.